आर्द्रा कां काळवंडली?

मृगांतील तांबडी आर्द्रा, म्हणजेच काक्षी, २०१९ च्या अखेरीस मंदावूं लागली. २०२० च्या फेब्रुवारींत तिचें तेज नेहमीच्या सुमारें तृतीयांशावर आलें. सुमारें ४०० दिवसांचें तिचें फुगणें-आकसणें जुनेंच. त्यानें एवढी घट होत नाहीं. स्फोटाची आवई आम्हांस तेव्हांही पोकळ वाटली. तारा थंडावली, कीं धूळ आड आली? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख पाहणाऱ्यांस दुसरा तर्क सहज सुचेल. पण केवळ तेज मोजून निर्णय होत नाहीं. धुळीवरून विखुरलेल्या प्रकाशाचीं कंपनें एका दिशेस अधिक होतात. यास ध्रुवण म्हणतात. धूळ चोहोंकडे सारखी असल्यास तीं परस्परांस मारतात, एकीकडे दाटल्यास ध्रुवण उरतें. चिलींतील दुर्बिणीनें ताऱ्याचा दक्षिणभागच काळवंडलेला टिपला. पृष्ठाचा कांहीं भाग थंडावून, पूर्वीं बाहेर टाकलेल्या वायूची तेथें धूळ झाली, असा निष्कर्ष २०२१ सालीं निघाला. ध्रुवण मोजण्याची सोय आपल्याकडेही, गिरवलीस आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीवर, केलेली आहे.