शेवटापासून आरंभाकडे

रहस्यकथेची रीत आपणा सर्वांस ठाऊक आहे. मृत्यू आधी दिसतो. त्याचे कारण मागाहून कळते. झी मराठी वाहिनीवर २०१६ साली सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका याच रीतीने उघडली. घरचे कर्ते अण्णा नाईक निवर्ततात, कोकणातील वाड्यात कुटुंब जमते आणि एकामागून एक गूढ प्रकार घडू लागतात. २०१९ साली दुसरा भाग आला, तो मात्र पुढची नव्हे, मागची हकीकत सांगण्यासाठी. त्यात अण्णा हयात आहेत, माईंच्या संसाराचा भर आहे आणि पहिल्या भागातील मोठी माणसे लहान मुले आहेत. तिसरा भाग २०२१ साली आला. तेव्हा काळाचा क्रम धरावयाचा तर आधी दुसरा भाग, मग पहिला आणि शेवटी तिसरा, असे पाहावे लागते.

असा क्रम लावल्याने काय साधते? रहस्य बरेचसे नाहीसे होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच्या जागी दुसरे काही हाती लागते. पहिला भाग प्रथम पाहताना दत्ता, माधव, छाया यांच्याकडे आपण संशयानेच पाहतो. कोण काय लपवीत आहे, एवढाच आपला प्रश्न असतो. दुसरा भाग आधी पाहिला म्हणजे हीच माणसे बापाच्या धाकात आणि शेवंताच्या प्रकरणाच्या सावलीत वाढलेली पोरे म्हणून आपल्या ओळखीची होतात. मग त्यांच्या कटू बोलण्याचे नवल वाटत नाही, वाईट वाटते.

बडोद्याच्या रावपुऱ्यातील वाचकांस याचा दाखला दाराशीच मिळेल. तेथील घड्याळाचा मनोरा १८९६ साली बांधला गेला. येणाऱ्याजाणाऱ्यास प्रथम दिसते ते स्मारक. ते कोणाचे, असे विचारले म्हणजे कळते की, महाराज सयाजीराव तिसरे यांच्या पहिल्या राणी चिमणाबाई यांचे. त्या १८८५ साली ऐन तारुण्यात निवर्तल्या. आणखी मागे गेले म्हणजे तंजावरहून आलेली नववधू दिसते, आणि त्याही मागे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, जो १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला. शेवटापासून आरंभाकडे आपण असेच जातो. पण एकदा आरंभ कळला की तोच मनोरा निराळा दिसू लागतो.

माणसांचेही तसेच आहे. घरातील एखादे तुसडे वडीलधारे माणूस, एखादी अबोल सून, एखादा दारूच्या नादी लागलेला भाऊ यांचा शेवटचा भागच आपल्या वाट्यास येतो आणि त्यावरून आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्यांचे बालपण कोणी सांगितले तर निकाल कदाचित बदलणार नाही, पण देणाऱ्याचा स्वर खचित बदलेल. अर्थात समजून घेणे म्हणजे क्षमापत्र लिहून देणे नव्हे. अण्णांच्या दुष्कृत्यांचा जाब अण्णांनाच द्यावा लागतो. मागची कथा तो पुसून टाकीत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच. मालिका प्रथम पाहणाऱ्याने ती निघाली त्याच क्रमाने पाहावी. रहस्याची गोडी त्यातच आहे. पुन्हा पाहणाऱ्याने मात्र काळाचा क्रम धरावा आणि मुलांच्या प्रसंगांकडे लक्ष ठेवावे. लहानग्यांस शेजारी बसवू नये; त्यातील भयप्रसंग त्यांच्या वयास मानवणारे नाहीत.

आणि दूरचित्रवाणी बंद केल्यावर आईबापांनी क्षणभर एक विचार करावा. आज संध्याकाळी घरात जे बोलणे झाले, जो हात उगारला गेला अथवा जो पाठीवरून फिरला, तो आपल्या मुलांच्या कथेतील मागचा भाग होऊन बसला आहे. पुढचे भाग त्यावरच उभे राहावयाचे आहेत.