मुक्त प्रणालींचा कैवार

मुक्त संगणकप्रणालींवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. म्हणून प्रथम त्याचाच परामर्श घेणे न्याय्य होईल. जिचा सोर्स कोड चोरासही वाचता येतो, तिच्यावर सरकारी खजिना आणि नागरिकांची दप्तरे सोपवावीत कशी, असा हा पूर्वपक्ष असून, २०१४ साली उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’चा दाखला तो पुढे करतो. दाखला खरा आहे. जगभरच्या संकेतस्थळांचा गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होता, तिच्यातील ही चूक दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत राहिली. कारण एवढा भार वाहणाऱ्या प्रकल्पाची देखभाल मूठभर माणसांवर टाकून बलाढ्य कंपन्या स्वस्थ बसल्या होत्या. परंतु यावरून सिद्ध होते ते इतकेच, की कोड खुला ठेवल्याने तपासणीची मुभा मिळते, तपासणी मात्र कोणी तरी करावीच लागते. अखेर ती चूक हुडकली तीही प्रकल्पाबाहेरच्याच संशोधकांनी. बंद प्रणालीत चूक झाल्यास ती कबूल करणे, लपविणे वा दुरुस्त करणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहते, आणि पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास तिच्या आत डोकावण्याचाही अधिकार नसतो.

कोड वाटून टाकल्यास प्रोग्रामरने खावे काय, ही दुसरी हरकत. मुक्त प्रणालींच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८९ च्या जीपीएल परवान्यात विक्रीस कोठेही मनाई नाही. आणि मुक्त प्रणालींच्या सेवेवर उभी राहिलेली रेड हॅट कंपनी आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलर देऊन घेतली.

मला या वादात खरी आस्था आहे ती मराठीपायी. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फाँटविक्रेत्याची संकेतव्यवस्था निराळी असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी साठवायची, काना वेगळा, अर्धा ‘श’ वेगळा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की पानभर रोमन अक्षरांचा निरर्थक खच! किती दिवाळी अंक, किती ग्रंथ अशा रीतीने स्वतःच्याच लेखकांना दुर्बोध झाले! मजकूर आमचा, पण त्याची किल्ली विक्रेत्याच्या कनवटीला.

आज ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ पडद्यावर यथास्थित जुळविणारी हार्फबझ ही मुक्त प्रणाली फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या तिन्हींत आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे फाँट तालुक्याच्या मुद्रकालाही विनामूल्य वापरता येतात. एवढेच नव्हे, तर एखादे जोडाक्षर उणे वाटल्यास त्याला ते स्वतः घालता येते. भाषेची मालकी भाषिकांकडे असणे म्हणजे व्यवहारात हेच.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. महाराष्ट्रातील कचेऱ्यांनी, विद्यापीठांनी आणि प्रकाशकांनी यापुढील प्रत्येक करारनाम्यात दोन अटी आग्रहाने लिहून घ्याव्यात: मजकूर युनिकोडमध्ये व खुल्या स्वरूपाच्या फाइलींत मिळाला पाहिजे, आणि जनतेच्या पैशातून घडलेल्या प्रणालीचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली जनतेच्या स्वाधीन झाला पाहिजे.