‘हलके ते आधुनिक’? जँगो, फ्लास्क आणि एक चुकीचा इतिहास

#थ्रेड
१/ “जँगो म्हणजे जुन्या पिढीचे अवजड फ्रेमवर्क, फ्लास्क सुटसुटीत आणि आधुनिक.” पायथॉनमध्ये संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे हमखास ऐकवले जाते. विधान तांत्रिक वाटते. वस्तुतः तो ऐतिहासिक दावा आहे, आणि तो टिकत नाही.

२/ जँगोचा जन्म २००३ साली कॅन्ससमधील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांच्यापुढे बातमीची घाई होती. पाने काही दिवसांत, प्रसंगी काही तासांत उभी करावी लागत. शिवाय मजकूर भरणारे पत्रकार प्रोग्रामर नव्हते. २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगोत आयते ॲडमिन पान आहे ते यामुळे. ज्याला आपण अवजडपणा म्हणतो, ती त्या कचेरीची निकड होती.

३/ फ्लास्कची कुळकथा गमतीची आहे. १ एप्रिल २०१० रोजी आर्मिन रोनाखर यांनी एकाच फाइलीत मावणाऱ्या फ्रेमवर्कांची थट्टा म्हणून एक लुटुपुटुचे फ्रेमवर्क प्रसिद्ध केले. अनेकांनी ते खरे मानले! त्याच महिन्यात फ्लास्क अवतरले, तेही शून्यातून नव्हे: वेर्कझॉइग (जर्मन भाषेत ‘अवजार’) आणि जिंजा या रोनाखर यांच्याच आधीच्या लायब्रऱ्यांच्या खांद्यावर. म्हणजे जँगो म्हातारे झाले म्हणून फ्लास्क आले नाही. दोघांची घराणीच निराळी.

४/ हा वाद मला पुस्तकी वाटत नाही. आम्ही काही विद्यार्थ्यांनी मोडी कागदपत्रांची सूची फ्लास्कवर उभारली. डेटाबेस, लॉगिन, नोंदी दुरुस्त करण्याची पाने, सारे एका हुशार मित्राने हाताने रचले. तो नोकरीला लागला. पुढे एका पत्राच्या शक-सनात चूक सापडली, आणि ती दुरुस्त करायला आम्हांला दोन आठवडे लागले. दोष मित्राचा नव्हे, फ्लास्कचाही नव्हे. ‘हलके’ या शब्दाला भुलून उरलेले ओझे कोण वाहणार हे न विचारणाऱ्या आमचा होता. तीनशे नोंदी भरणारे हात बदलत राहणार असतील, तर आपली गरज त्या वृत्तपत्राच्या कचेरीचीच आहे.

५/ एखादा किल्ल्यांचा नकाशा, एक शोधपेटी, एवढेच हवे असेल तर फ्लास्क खुशाल घ्यावे. तिथे जँगो म्हणजे निव्वळ अडगळ. आमची सूची मात्र या दिवाळीच्या सुट्टीत जँगोवर हलवत आहोत. शक-सन आता कुणीही दुरुस्त करू शकेल.