छोट्या बोटीसाठी जनरेटर घेताय? आधी वही काढा



गणपती झाले की लोधिवलीच्या आमच्या दुकानात जनरेटरची चौकशी सुरू होते. पूर्वी हे गिऱ्हाईक म्हणजे कर्जत-खालापूरचे फार्महाउसवाले, मंडपवाले आणि हायवेला गाडी लावणारे. आता पेण, अलिबाग, मुरूडकडची पोरंही येतात. कुणी खाडीत टुरिस्ट फिरवायला आठ-दहा सीटची बोट घेतलेली असते, कुणी घ्यायच्या विचारात असतो. प्रश्न ठरलेला: "सर, बोटीवर टाकायला दोन केव्हीएचा बस्स होईल ना?"

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. यातल्या बहुतेकांना जनरेटरची गरजच नाही. मी जनरेटर विकतो, भाड्यानेही देतो, म्हणजे हे बोलून माझाच धंदा कमी होतो. पण ज्याचा पहिला सीझन पेट्रोलमध्ये गेला तो दुसऱ्या सीझनला माझ्याकडे काहीच घ्यायला येत नाही, हेही तितकंच खरं.

"दोन केव्हीए" हा आकडा बहुतेकांनी दुसऱ्या कुणाकडे तरी बघितलेला असतो. तुमच्या बोटीवर काय चालणार, किती तास चालणार, हे त्या आकड्याला माहीत नाही. म्हणून वही काढा आणि लिहा. दहा वॅटचे सहा एलईडी दिवे, झाले ६० वॅट. सहा प्रवाशांचे मोबाईल एकदम चार्जिंगला लागले तर ९० धरा. गाण्यांचा छोटा स्पीकर ५०. बेरीज २०० वॅट. संध्याकाळची फेरी, मधे वेटिंग, सगळं मिळून रोज चार तास धरले तर ८०० वॅट-तास, म्हणजे एक युनिटसुद्धा नाही.

आता दोन्ही बाजूंनी हिशोब करू. चांगला २ किलोवॅटच्या वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर पाव लोडवर साडेतीन लिटरच्या टाकीत साधारण आठ तास जातो. तासाला ०.४५ लिटर धरा. चार तासांना १.८ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर रोजचे १८९ रुपये. आपला सीझन पावसाळा सोडून, म्हणजे धंद्याचे दिवस २०० धरू. ३७,८०० रुपये फक्त पेट्रोलचे. ऑइल, प्लग, सर्व्हिसिंग वेगळं. आणि हा इन्व्हर्टर जनरेटरचा हिशोब आहे, जो लोड कमी असला की इंजिनचा वेग आपोआप कमी करतो. साधा उघड्या फ्रेमचा स्वस्त जनरेटर तसं करत नाही. दोन दिवे लावा नाहीतर वीस, तो ३००० आरपीएमलाच ओरडत राहतो, कारण ५० हर्ट्झ मिळवायला त्याला तेवढं फिरावंच लागतं. तो पेट्रोल जास्त पितो, आणि त्याच्या आवाजात तुमचा स्पीकर कुणाला ऐकूही येत नाही.

दुसरी बाजू बघा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं हे धरूनही तुमचे ८०० आरामात निघतात. दिवे थेट १२ व्होल्टचे घेतले तर त्यांच्यापुरता इन्व्हर्टरही मधे येत नाही. वजन बारा-तेरा किलो. रात्री घरी किंवा जेट्टीवरच्या पॉइंटला चार्ज केली तर एक युनिटच्या थोडी वर वीज लागते. व्यापारी दराने १२ रुपये युनिट धरा, रोजचे तेरा-चौदा रुपये, सीझनचे तीन हजारांच्या आत. म्हणजे दोन्हींमधला फरक एका सीझनला पस्तीस हजारांच्या आसपास. आज बाजारात या बॅटरीचा भाव विचारून या आणि हा फरक समोर ठेवा, पुढचं तुम्हालाच कळेल. लेड-अॅसिडची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे. छोट्या बोटीत पन्नास किलो म्हणजे एक प्रवासी कमी, आणि तो प्रवासी तिकीट देणारा असतो.

वर छप्पर असेल तर १०० वॅटचं एक सोलर पॅनल टाका. चांगल्या उन्हात दिवसाला ४०० ते ५०० वॅट-तास मिळतात, म्हणजे निम्मं काम फुकटात. हे काही प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही. केरळात वैकम आणि तवणक्कडव यांच्यामध्ये 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची फेरीबोट जानेवारी २०१७ पासून सौरऊर्जेवर चालते, तीही दिव्यांपुरती नव्हे, मोटरसकट. आपल्याला तर फक्त दिवे आणि मोबाईल चालवायचेत. शिवाय बोटीला इनबोर्ड डिझेल इंजिन असेल तर त्याच्यावर अल्टरनेटर असतोच किंवा बसवता येतो. म्हणजे एक जनरेटर तुम्ही आधीच विकत घेतलेला आहे! छोट्या आउटबोर्डमधून चार्जिंग थोडंच मिळतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

(जाता जाता सांगतो. आमच्या पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण वर खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ पासून वीज काढून झालेलं पाणी नदीत सोडतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पाण्यावर मुंबई उजळली, आणि आपण त्याच पाण्याच्या खालच्या टोकाला खाडीत पेट्रोल जाळायचं म्हणतोय.)

"पण सर, फ्रीजर पाहिजे. कोल्ड्रिंक, मासळी फ्राय…" इथे गाडी अडते. फ्रीजर चालू असताना शंभर-सव्वाशे वॅट खातो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट ओढतो. इंडक्शन शेगडी १८०० वॅट, मिक्सर ५००. एवढं सगळं धरलं की खरोखर मोठा जनरेटर लागतो. माझा उलटा प्रश्न असा: हे बोटीवर का पाहिजे? कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासळी बर्फावर आणतात. जाड थर्माकोलची किंवा इन्सुलेटेड पेटी आणि बर्फ, दिवसभर कोल्ड्रिंक थंड राहतं. पापलेट घरी तळा, हॉटकेसमधून आणा. हलत्या बोटीवर उकळतं तेल ठेवू नका, कितीही गिऱ्हाईक मागत असलं तरी. बोटीवर विकायची गोष्ट आहे पाणी, वारा आणि शांतता. त्या शांततेत तुम्ही फटफट आणून ठेवता आणि मग रेटिंग तीन स्टार का आलं म्हणून विचारता.

मासेमारीसाठी विचारणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण इथे सगळी पुंजी जाऊ शकते. मोठा जनरेटर आणि हजारो वॅटचे दिवे लावून एलईडी मासेमारी करायला नोव्हेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये सागरी मासेमारीच्या कायद्यात सुधारणा केली आणि एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पारंपरिक मच्छीमार याच विषयावर भांडत आलेत, कारण उजेडाला मासळी गोळा होते आणि लहान-मोठी सगळीच उचलली जाते. तेव्हा "भाऊ, दोन लाखांत सेटअप करून देतो, महिन्यात वसूल" असं कुणी सांगितलं तर तो तुम्हाला धंदा देत नाहीये, केस देतोय. जाळं ओढताना उजेड पाहिजे तर त्याला बॅटरीवरचे दोन-चार दिवे पुरतात.

बरं, एवढं सगळं करूनही काहींना जनरेटर लागतोच. हाउसबोटीसारखी मुक्कामाची बोट आहे, एसी आहे, किंवा लांबच्या किनाऱ्यावर नांगर टाकून दोन-दोन दिवस राहायचंय. त्यांच्यासाठी आता नीट सांगतो.

पाटीवरचा मोठा आकडा हा 'मॅक्सिमम' असतो, तो थोडा वेळच मिळतो. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'रेटेड' लिहिलेलं असतं. तुमचा लोड रेटेडच्या तीन-चतुर्थांशात बसला पाहिजे, आणि कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका मॅक्सिममच्या आत. इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या. १ किलोवॅटच्या आसपासचा तेरा-चौदा किलोचा असतो, एक माणूस उचलतो. २ किलोवॅटच्या वर्गातला वीस-बावीस किलो. ३ केव्हीएच्या पुढे गेलात की दोन माणसं लागतात, आणि जेट्टीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ते रोज चढवणार-उतरवणार कोण हेही वहीत लिहा. १ जुलै २०२३ पासून जनरेटरसाठी प्रदूषणाचे नवे, कडक निकष लागू झालेत. फारच स्वस्तात मिळत असेल तर जुना स्टॉक तर नाही ना, हे पाटीवर बघा.

हे मशीन मुळात सपाट जमिनीवर ठेवून चालवायला बनवलेलं आहे. हेलकाव्यात ऑइल सेन्सर चुकून मशीन बंद करू शकतो, टाकीतून पेट्रोल सांडू शकतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाला जिथे आत आलेलं पाणी साचतं तिथे जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. साध्या पोर्टेबल जनरेटरचे स्विच ठिणगीपासून सुरक्षित बनवलेले नसतात. म्हणून टाकी जेट्टीवरच भरायची, मशीन गार झाल्यावर, प्रवासी चढण्याआधी. पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये. प्लास्टिकची पाण्याची बाटली दिसली तर मी पोरांना सरळ ओरडतो.

आणि धूर. इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. आवाज कमी व्हावा म्हणून जनरेटरला प्लायवूडची पेटी करायची, केबिनच्या कोपऱ्यात ढकलायचा, वर ताडपत्री टाकायची, हा आपला आवडता जुगाड. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. बोटीवर असं झालं की आपण काय म्हणतो? "बोट लागली." लिंबू देतो आणि आत केबिनमध्ये आडवं करतो, म्हणजे माणसाला धुराच्या आणखी जवळ नेतो. उघड्या जागेतही खात्री नाही, कारण चालत्या बोटीच्या मागे हवा फिरून परत आत येते. अमेरिकेत लेक पॉवेल नावाच्या जलाशयावर २००० साली हाउसबोटीच्या मागच्या बाजूला, पाण्यात उतरायच्या फळीखाली जनरेटरचा धूर साचला आणि दोन लहान भाऊ गेले. बोट उघड्या पाण्यात होती, ऊन होतं. त्यानंतर तिथल्या सरकारी संस्थांनी हाउसबोटींच्या धुराची तपासणी केली.

तर जनरेटर उघड्या डेकवर, सगळ्यात मागे, धुराचं तोंड बाहेर आणि वाऱ्याच्या दिशेने, माणसांपासून जेवढा लांब जाईल तेवढा. कुणी मागे पोहत असेल तर बंद. केबिन असेल तर आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तेवढी जागा बोटीवर नसेल तर उत्तर सरळ आहे, त्या बोटीवर जनरेटर बसत नाही. तो जेट्टीवर ठेवा, तिथे बॅटरी चार्ज करा, बॅटरी घेऊन निघा. हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो.

वायरिंगचं थोडक्यात. २३० व्होल्ट आणि खारं पाणी एकत्र आलं तर दुसरी संधी मिळत नाही. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे नुसती आरसीसीबी लावून ती काम करेल असं धरून चालू नका. बोटीचं काम केलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. प्रवासी बोट असेल तर मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेअरला आणि विमा कंपनीला आधी विचारा, बसवल्यावर नाही.

खारी हवा जनरेटरला वर्षभरात म्हातारा करते. पाइपने धुऊ नका, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने रोज पुसा. मे संपताना बोट वर ओढली की टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही काढा. पावसाळाभर आत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि सीझनच्या पहिल्या शनिवारी दोरी ओढून ओढून तुमचा खांदा निखळतो.

अजून मन घेण्याकडेच ओढत असेल तर आधी दोन वीकेंड भाड्याने न्या. माझ्याकडूनच न्या असं नाही, अलिबागला, पेणलाही मिळतात. आणि विकत घ्यायला जाल तेव्हा तुमचा फ्रीजर, मिक्सर जे काही चालवायचंय ते टेम्पोत टाकून दुकानात न्या. दुकानदाराला म्हणा, यावर चालवून दाखव. अर्धा तास चालू ठेवा आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून कुणाशी तरी गप्पा मारा. तुम्हाला ओरडून बोलावं लागलं तर तुमच्या प्रवाशांनाही लागेल.