नेतृत्व घडते कोठे?

नेतृत्व हा गुण उपजत असतो की कमावता येतो, हा विषय आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांना वर्षानुवर्षे पुरत आला आहे. परीक्षकांचा निकाल कोणत्याही बाजूला लागो, व्यवहारात मात्र आपण पहिलाच पक्ष खरा मानून चालतो. कोणी तरी असामान्य पुरुष जन्मास येईल आणि आपणांस वाट दाखवील, अशा भरवशावर शाळा, कचेऱ्या आणि गावे निर्धास्त असतात. या भरवशाची झाडाझडती घ्यावयाची असेल तर थोरांची चरित्रे क्षणभर बाजूला ठेवून भिवंडी या यंत्रमागांच्या गावाकडे पाहावे. नेतृत्व कसे घडत नाही आणि कसे घडते, हे दोन्ही धडे या एकाच गावाने महाराष्ट्राला दिले आहेत.

पहिला धडा रक्तलांच्छित आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. त्याच सुमारास जळगाव आणि महाड येथेही आग पोहोचली. या साऱ्या प्रकाराची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मे १९८४ मध्ये गावाने पुन्हा तेच पाहिले. त्या वेळी भिवंडी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात मिळून दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. गावात पुढाऱ्यांची वाण होती असे नाही. शांतता समित्याही होत्या. परंतु या समित्यांची रीत ठरलेली असे. सण जवळ आला किंवा वातावरण तापले की दोन्ही समाजांतील नामवंतांना पोलिस ठाण्यावर बोलवावयाचे, ऐक्यावर भाषणे करावयाची, चहापान उरकावयाचे आणि पांगावयाचे. जो तो आपापल्या समाजाचा वकील म्हणून तेथे येई आणि वकील म्हणूनच परत जाई. ज्या गल्लीत दगड उचलला जाणार, त्या गल्लीवर त्याचा अधिकार नसे. पुढारीपण होते, नेतृत्व नव्हते. या दोहोंतील अंतर किती महाग पडते, हे गावाने दोनदा अनुभवले.

दुसरा धडा १९८८ साली सुरू झाला. त्या वर्षी भिवंडीत पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. गावाची लहान लहान विभागांत वाटणी झाली आणि सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोघेही. नामवंत पुढाऱ्यांऐवजी मोहल्ल्यातील साध्या, कामधंद्याच्या माणसांना तेथे बसविण्यात आले. दंगलीची वाट न पाहता बैठका नियमाने भरू लागल्या आणि त्या त्या भागाचा पोलिस त्यांत जबाबदारीने बसू लागला. योजना एवढीच. तिच्यात दिपवून टाकणारे काही नव्हते.

पण या साधेपणातच तिचे मर्म होते. दंगल नसलेल्या दिवशी समितीपुढे येणार काय? शेजाऱ्याशेजाऱ्यांची किरकोळ भांडणे, मोहल्ल्यातील तक्रारी, रोजच्या जगण्यातील अडचणी. असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामांतच माणसाच्या अंगी ते गुण मुरतात, ज्यांना आपण पुढे नेतृत्व हे भारदस्त नाव देतो. विरुद्ध बाजूचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, दिलेला शब्द पुढील बैठकीपूर्वी पाळणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे आपल्याच माणसाला ‘येथे तुझे चुकले’ असे त्याच्या तोंडावर सांगणे. परक्याला दोष देण्यास धैर्य लागत नाही. स्वकीयांची नाराजी पत्करून न्यायाची बाजू घेण्यास मात्र लागते, आणि हे धैर्य एका दिवसात येत नसते. लहान तंट्यात ते ज्याने दहा वेळा दाखविले, त्यालाच मोठ्या प्रसंगी अकराव्या वेळी दाखविता येते.

जी गोष्ट नागरिकाची, तीच पोलिस शिपायाची. हुकूम पाळणे हाच ज्याचा आजवरचा धर्म, त्याला आता लोकांसमोर बसून त्यांची गाऱ्हाणी ऐकावयाची होती आणि उत्तर द्यावयाचे होते. जबाबदारी खाली उतरविली की खालचा माणूस वर चढतो, हा नियम खाकी गणवेशालाही लागू पडला.

परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. अयोध्येतील घटनेनंतर मुंबई पेटली. त्या महिन्यातील आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत तेथे ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली, दंगलींसाठी बदनाम झालेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती. उपायुक्तपदी गुलाबराव पोळ होते आणि समित्यांचे काम त्यांनी चालू ठेवले होते. हा तपशील विशेष महत्त्वाचा आहे. ज्याच्या जाण्याने काम कोसळते, तो कर्तबगार असेल. परंतु ज्याच्या जाण्यानंतरही काम चालते, त्याने आपल्यामागे अनेक नेते घडविलेले असतात. अमेरिकेत अध्यापन करणारे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली.

यावर कोणी म्हणेल की अखेर सुरुवात एका अधिकाऱ्यानेच केली ना? मग नेतृत्व उपजत असते, हेच सिद्ध झाले! आक्षेप अगदीच निराधार नाही. कोणी तरी पहिले पाऊल टाकावेच लागते. पण त्या अधिकाऱ्याची थोरवी अधिकार गाजविण्यात नव्हती, तो वाटून देण्यात होती. शिवाय एकदा कमावलेला गुण कायमचा टिकतो, असेही नाही. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलिस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे नागरिक आणि जमावाच्या हातून दोघे पोलिस शिपाई ठार झाले. तो दोन समाजांतील दंगा नव्हता हे खरे; पण पोलिस आणि वस्ती यांच्यातील संवाद आटला की काय होते, याचा तो कठोर इशारा होता. नेतृत्वाला तालमीसारखी रोजची मेहनत लागते. आखाडा ओस पडला की अंग सैल पडावयाचेच.

भिवंडीबाहेरच्या वाचकाने यातून काय घ्यावे? आमचे शिक्षक नेतृत्वावर निबंध लिहून घेतात, पण वर्गाच्या सहलीचा हिशेब विद्यार्थ्यांच्या हाती देण्यास कचरतात. राज्यातील महाविद्यालयांतील थेट विद्यार्थी-निवडणुका १९९० च्या दशकात हिंसाचाराच्या भीतीने थांबविण्यात आल्या. भीती खोटी नव्हती, पण जबाबदारीने वागण्याची सवय लावण्याऐवजी जबाबदारीच काढून घेण्याचा तो उपाय होता. कचेरीत साध्या टिपणावरही वरिष्ठांची सही लागते आणि मग निर्णय घेणारी माणसे मिळत नाहीत म्हणून तेच वरिष्ठ हळहळतात. पतपेढीची वार्षिक सभा, कर्मचारी संघटना, शाळेची पालकसभा ही आपल्या दाराशी असलेली शिक्षणकेंद्रे. पण तेथे आपण कोरमपुरते जातो आणि अल्पोपाहार आटोपताच उठतो.

विद्यार्थ्याने थोरांची चरित्रे अवश्य वाचावीत. परंतु वाचून झाल्यावर आपल्या गल्लीतील, वसतिगृहातील, वर्गातील एखादे कंटाळवाणे, बिननावाचे काम अंगावर घ्यावे, आणि आपल्याशी ज्याचे पटत नाही अशा एकाला त्या कामात सोबत घ्यावे. शिक्षकांनी आणि वरिष्ठांनी त्याला तेवढी जागा द्यावी, त्याच्या हातून झालेली चूक सोसावी. संकटाच्या दिवशी नेता शोधावयास निघणाऱ्या समाजाला बहुधा पुढारीच मिळतो. साध्या दिवसांत ज्याने माणसे घडविली, त्या समाजाला असा शोध घेण्याची पाळीच येत नाही.