कर्नाळ्यात खालीही बघा

कर्नाळ्याला येणारा माणूस मान वर करून चालतो. पक्षी अभयारण्यच ते, १९६८ पासूनचं. मी पनवेलच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मुलांना तिथं नेते, तेव्हा पायाखाली बघायला लावते.

पहिल्या पावसानंतर आपल्या डोंगरांवर सहा ठिपक्यांचा भुंगेरा फिरताना दिसतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरट ठिपके. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा उडत नाही, पळतो. वाटेत सापडेल तो किडा जबड्यात धरून फाडतो. डिवचलं तर मागच्या टोकाकडून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. पण विषारी समजून लोक त्याला चपलेखाली चिरडतात, तेव्हा जीव तुटतो. तो आपल्या वाटेला कधीच जात नाही.

त्याहून मोठा घात वणव्याचा. गवत वाळलं की रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसू लागतात. कुणी शिकारीसाठी लावतो, कुणी पुढच्या वर्षी गवत जोमानं यावं म्हणून, कुणी जळती विडी टाकून पुढं जातो. भाताच्या राबाबद्दल माझी तक्रार नाही. दाढ भाजणारा शेतकरी आग राखत उभा असतो. डोंगराला लावलेल्या आगीला राखणारा कुणीच नसतो. पक्षी उडून जातात, झाडं पुन्हा फुटतात, पाचोळा मात्र राख होतो. त्या पाचोळ्यातच या भुंगेऱ्याचं भक्ष्य, ओल आणि लपायची जागा. एखाद्या डोंगरावरून तो संपला, तर शेजारच्या डोंगरावरून उडत येणार नाही. कर्नाळ्यात तर मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. त्या रहदारीतून पायी पलीकडे जाणं या किड्याला कसं जमावं?

१९२७ च्या भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. वनखात्यानं जाळरेषा गवत वाळण्याआधीच आखाव्यात आणि आग लावणाऱ्यावर खरोखर खटले भरावेत. पनवेलकरांनो, डोंगरावर धूर दिसला की ‘कुणीतरी कळवेल’ म्हणू नका. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.