बंपरचा पोचा आणि पातेलंभर पाणी

मैत्रिणींनो, या आठवड्याचे पत्र अर्जुनी मोरगावहून आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून नुसत्या 'ताई'. पाहुण्यांना नवेगावबांधचा तलाव दाखवून आल्या, आणि अंगणात गाडी मागे घेताना बंपर विहिरीच्या कठड्याला टेकला. नारळाच्या कवडीएवढा पोचा पडला. तेव्हापासून गाडी भिंतीला पाठ लावून उभी आहे! "हे गोंदियाला नोकरीला, शनिवारी येतात. कळलं तर किल्ली पुन्हा हाती यायची नाही."

ताई, आधी पोच्याचं बघू. जुन्या अँबॅसिडर-फियाटचे बंपर पत्र्याचे. तांबट घागर ठोकतो तसे ते ठोकूनच घ्यावे लागत. आताचे बहुतेक प्लॅस्टिकचे, आणि प्लॅस्टिक उष्णतेने नरम पडतं हे शेगडीजवळ राहिलेल्या डब्याने आपल्याला कधीच शिकवलं आहे. तरी खात्री करा: फ्रीजवरचं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर हा उपाय नको.

बंपर धुऊन घ्या. इंजिन आणि सायलेन्सर थंड हवेत. मुलांना घरात पाठवा, पायात बंद बूट घाला. पातेलंभर उकळतं पाणी पोच्यावर सावकाश ओता, दिवे आणि सेन्सर वाचवून. मग जाड रबरी हातमोजा घालून खालून हात घाला आणि आतून तळव्याने दाबा. (आत लोखंडी पट्टी असते, हात जपून हं!) 'टक्' होऊन पोचा बाहेर येतो, लगेच गार पाणी ओता, म्हणजे आकार धरतो. पहिल्या खेपेला नाही आला तर पुन्हा पाणी तापवा. हात पोचत नसेल तर तुंबलेल्या सिंकचा रबरी पंप ओला करून बाहेरून ओढा. हातोडी नको, आणि गॅसची ज्योत तर मुळीच नको. तडा गेला असेल किंवा रंगाचे पोपडे निघाले असतील, तर मात्र पाण्याने भागणार नाही. डिकी नीट लागत नसेल तर मेकॅनिकलाच दाखवा.

विम्याचा क्लेम एवढ्याशासाठी करू नये, असं माझं मत. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घट धरतात, वर लहान गाडीला १००० रुपये आपल्याच पदरचे. शिवाय नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षाला २० टक्के असतो, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो.

राहिली किल्ली. पोचा निघो न निघो, यजमानांना तुम्हीच सांगा. शेजारच्या पोराने सांगितलं तर ते जास्त लागेल. अहो, गाडी चालवणाऱ्या पुरुषांनी कठडे काय कमी शिवलेत? शनिवारी गोंदियाची गाडी आली की स्टेशनवर त्यांना आणायला तुम्हीच जा. येताना वाटेत सांगा, स्टिअरिंग तुमच्या हातात असताना.